डेव्हलपरने सायबर सुरक्षेकडे वळताना काय सोबत न्यावे आणि काय नव्याने शिकावे

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले आणि हिंजवडी-खराडीपासून ऐरोलीपर्यंत आयटीत काम करणाऱ्यांच्या घराघरांत त्या बातमीची चर्चा झाली. कोड लिहिण्याचे बरेचसे काम एआयची साधने करू लागली आहेत, मग आपले काम किती दिवस टिकणार, या विवंचनेतून अनेक डेव्हलपर सध्या सायबर सुरक्षेकडे पाहत आहेत. ‘सहा महिन्यांत एथिकल हॅकर व्हा’ अशा जाहिरातीही नेमक्या याच वेळी मोबाइलवर येतात. घरच्यांना मात्र प्रश्न पडतो की एक कॉम्प्युटरचे काम सोडून दुसऱ्या कॉम्प्युटरच्याच कामाकडे जायचे, तर त्यात एवढा विचार कशाचा करायचा.

विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. ज्याने पाच-सात वर्षे मन लावून कोड लिहिला आहे, त्याने या क्षेत्रात शून्यापासून सुरुवात करण्याची गरज नसते, आणि तशी सुरुवात केली तर त्याचे बहुधा नुकसानच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी एक जवळची वाट आहे आणि ती त्याच्या सध्याच्या कामातूनच निघते. ती जाहिरातींत फारशी दिसत नाही, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

सायबर सुरक्षेत नेमके काम काय असते?

बाहेरून एकच वाटणारे हे क्षेत्र आतून अनेक वेगवेगळ्या नोकऱ्यांचे बनलेले आहे. पुष्कळ माणसे लागतात ती पहाऱ्याच्या कामाला. कंपनीच्या सर्व यंत्रणांमध्ये घडणाऱ्या घटनांच्या नोंदी, ज्यांना लॉग म्हणतात, त्या एका ठिकाणी गोळा होतात आणि संशयास्पद काही दिसले की तिथे इशारा उमटतो. या पहाऱ्याच्या केंद्राला सगळे ‘सॉक’ म्हणतात. पहाटे तीन वाजता सॉकमध्ये बसलेल्या मुलीच्या स्क्रीनवर इशारा येतो की नाशिकच्या शाखेतल्या एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर दहा मिनिटांपूर्वी पुण्यातून लॉग-इन झाले होते आणि आता परदेशातून झाले आहे. तो कर्मचारी व्हीपीएन (ज्यामुळे आपले ठिकाण दुसरेच दिसू शकते अशी जोडणी) वापरतो आहे की त्याचा पासवर्ड चोरीला गेला आहे, याचा निर्णय तिला उपलब्ध नोंदींवरून आणि लवकर करायचा असतो. हे काम पाळ्यांमध्ये चालते, त्यात चिकाटी लागते आणि बहुतेक इशारे अखेरीस निरुपद्रवी निघतात.

दुसरे काम परवानगीने हल्ला करून पाहण्याचे. आपल्याकडच्या ऑफिसांत याला ‘व्हीएपीटी’ म्हणतात. यंत्रणेतल्या कच्च्या जागा शोधायच्या, त्यातून आत शिरता येते का ते पाहायचे आणि अहवाल द्यायचा. तिसरे काम नियमांच्या आणि लेखापरीक्षणाच्या बाजूचे असते, त्यात कोड जवळजवळ नसतो. हल्ला होऊन गेल्यावर तो कसा झाला हे खोदून काढणारे लोक वेगळे, क्लाउडवरच्या यंत्रणांचे दरवाजे नीट लावणारे वेगळे.

यांशिवाय एक काम असे आहे की ज्यात सॉफ्टवेअर तयार होत असतानाच ते सुरक्षित कसे होईल हे पाहिले जाते: आराखडा तपासायचा, कोड वाचायचा, डेव्हलपरांबरोबर बसून दुरुस्ती ठरवायची आणि तपासणीची साधने बिल्डच्या, म्हणजे कोडमधून चालते सॉफ्टवेअर तयार होण्याच्या, प्रक्रियेत बसवायची. याला ॲप्लिकेशन सिक्युरिटी, थोडक्यात ‘ॲपसेक’ म्हणतात. डेव्हलपरची जवळची वाट म्हणजे हीच.

डेव्हलपरच्या हाती आधीपासून काय असते?

एक साधे उदाहरण घेऊ. वीजबिल दाखवणारे एखादे ॲप आहे. ग्राहक लॉग-इन करतो, बिलावर बोट ठेवतो आणि सर्व्हरकडे विनंती जाते की १०५२ क्रमांकाचे बिल पाठव. सर्व्हरवरचा कोड ग्राहकाने लॉग-इन केले आहे का ते तपासतो, डेटाबेसमधून १०५२ क्रमांकाचे बिल काढतो आणि पाठवून देतो. डेव्हलपरने चाचणी लिहिलेली असते, ती हिरवी होते, काम पूर्ण झाल्याची नोंद होते. आता त्याच ग्राहकाने विनंतीतला आकडा बदलून १०५३ केला तर काय होईल? कोडने फक्त लॉग-इन तपासले असेल आणि ते बिल याच ग्राहकाचे आहे का हे तपासले नसेल, तर शेजाऱ्याचे नाव, पत्ता आणि वापर त्याच्यासमोर येईल. एक छोटीशी स्क्रिप्ट लिहून आकडे वाढवत गेले, तर साऱ्या शहराची बिले उतरवून घेता येतील.

हाउसिंग सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो, पण म्हणून आत आलेल्या माणसाला प्रत्येक फ्लॅटचे दार उघडे मिळत नाही. त्याला ज्या घरी जायचे आहे तिथे बेल वाजवावी लागते आणि घरातला माणूस ओळख पटल्यावर दार उघडतो. गेटवर तपासली जाते ती ओळख आणि दारावर तपासला जातो तो अधिकार. आपल्या ॲपमध्ये गेटवर चोख वॉचमन होता, पण एकाही फ्लॅटला दार नव्हते.

वेब ॲप्लिकेशनमधल्या धोक्यांची क्रमवारी लावणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या ‘टॉप टेन’ यादीत हाच प्रकार, म्हणजे अधिकार तपासण्यातली ढिलाई, पहिल्या क्रमांकावर होता. हा दोष केवळ हौशी लोकांच्या कोडमध्ये सापडतो असेही नाही. मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्ता-व्यवहारांशी संबंधित मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर सुमारे ८८ कोटी ५० लाख कागदपत्रे उघडी पडल्याचे समोर आले. एका कागदपत्राची लिंक ज्याच्याकडे होती, त्याने तिच्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचे कागदपत्र उघडत होते, आणि त्यासाठी लॉग-इनसुद्धा लागत नव्हते. त्यात बँक खात्यांचे तपशील आणि कर्जाची कागदपत्रेही होती.

असा दोष बाहेरून शोधणारा माणूस ‘इथे आकडा बदलला की दुसऱ्याचे बिल दिसते’ एवढे सांगू शकतो. तेवढेही मोलाचे आहे. पण ज्याने अशा यंत्रणा स्वतः बांधल्या आहेत, त्याला पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. बिलाची पीडीएफ तयार करणारा मार्ग वेगळा आहे का आणि तिथे तपासणी आहे का? मोबाइल ॲपला सर्व्हरशी बोलता यावे म्हणून ठेवलेली जुनी एपीआय अजून चालू आहे का? अधिकाराची तपासणी प्रत्येक फंक्शनमध्ये हाताने लिहिली आहे की सगळ्या विनंत्या जिथून जातात अशा एका ठिकाणी बसवली आहे? हाताने लिहिली असेल, तर पुढच्या महिन्यात नवा मुलगा नवे फंक्शन लिहिताना ती विसरणार हे त्याला ठाऊक असते, कारण त्याने ते घडताना पाहिलेले असते. दोष एका जागी बुजवणे आणि त्या जातीचा दोष पुन्हा उगवणार नाही अशी रचना करणे, यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर पार करण्याची क्षमता डेव्हलपरकडे असते.

मार्च २०२४ मधला एक्सझेडचा प्रसंगही या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका चाचणी आवृत्तीवर वेग मोजत होता. दूरच्या मशिनवर लॉग-इन करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसएचला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकले. तो त्याचा माग काढत गेला आणि एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या लायब्ररीपाशी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचापाशी) पोचला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात प्रामाणिक वाटणारे काम करून विश्वास मिळवला होता आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला होता. तो वेळीच सापडला नसता, तर जगभरच्या लिनक्स सर्व्हरांवर पोचला असता. फ्रॉइंडने २९ मार्चला ही गोष्ट जाहीर करताना आपण सुरक्षा-संशोधक नाही असे स्वतःच लिहिले होते. आपल्या यंत्रणेची नेहमीची चाल अंगवळणी पडलेली असणे आणि तिच्यात अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी तो सोडून न देणे, हा गुण चांगल्या डेव्हलपरमध्ये असतोच. सुरक्षेच्या कामात त्याला फार किंमत आहे.

पुण्यातल्या वाचकांना क्विक हीलची गोष्ट माहीत असेल. कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेले कॉम्प्युटर येत आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅममधून १९९० च्या दशकात ती कंपनी उभी राहिली. सुरक्षा आणि प्रोग्रॅमिंग हे दोन वेगळे प्रांत आहेत, ही समजूत तुलनेने अलीकडची आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण सवयीची असते. डेव्हलपरला दिलेले काम ‘हे चालले पाहिजे’ या भाषेत असते, तर सुरक्षेचे काम ‘हे कोणत्याही परिस्थितीत घडता कामा नये’ या भाषेत असते. ओटीपीचे उदाहरण घ्या. चार अंकी ओटीपीच्या एकूण १० हजार शक्यता असतात. चुकीचा ओटीपी कितीदा टाकता येईल यावर मर्यादा नसेल, तर स्क्रिप्ट त्या साऱ्या शक्यता काही मिनिटांत टाकून पाहू शकते. ओटीपी मोबाइलवर येतो का, बरोबर टाकल्यावर खाते उघडते का, चुकीचा टाकल्यावर संदेश दिसतो का, हे तिन्ही तपासून झालेले असते. दहाव्यांदा, शंभराव्यांदा चुकीचा टाकल्यावर काय होते, हे कोणी विचारलेले नसते. हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती सरावाने नक्की लागते.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. अनेक डेव्हलपरांना आपल्या कोडच्या भोवतीचे जग पुरेसे माहीत नसते. नेटवर्कवर एक विनंती कुठून कुठे जाते, संकेतस्थळाच्या नावावरून त्याच्या सर्व्हरचा पत्ता कसा शोधला जातो, सर्व्हरवर कोणती प्रक्रिया कोणाच्या अधिकाराने चालते, कंपनीतल्या कर्मचाऱ्यांची खाती आणि त्यांचे हक्क कुठे ठरतात, या गोष्टी ‘ते इन्फ्रावाले (सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणारे) बघतात’ म्हणून बाजूला राहिलेल्या असतात.

त्या न कळल्यामुळे काय सुटते, हे पुण्यातच घडलेल्या एका घटनेवरून दिसते. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर पैसे द्यायचे की नाही हा प्रश्न ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो, तिथे खात्यात शिल्लक आहे का ते पाहिले जाते आणि उत्तर परत येते. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला करणाऱ्यांनी या मार्गात स्वतःचा बनावट स्विच उभा केला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोचतच नव्हता आणि उत्तर मात्र ‘मंजूर’ असे जात होते. ११ ऑगस्टला, शनिवारी, नकली कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातल्या एटीएममधून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या खात्यात वळवले गेले. एकूण रक्कम सुमारे ९४ कोटी झाली.

या घटनेत शिल्लक तपासणारा मुख्य प्रणालीतला कोड कितीही निर्दोष असता तरी उपयोग नव्हता, कारण त्याला विचारलेच गेले नव्हते. एटीएमकडे किती मंजुऱ्या गेल्या आणि मुख्य प्रणालीकडे किती प्रश्न आले यांचा मेळ घालणारी नजर हवी, आणि ती नजर नेटवर्क व लॉग वाचता आल्याशिवाय येत नाही. म्हणून ॲपसेककडे जाणाऱ्यानेही काही महिने लिनक्स, नेटवर्किंग आणि लॉग यांच्या पायाभूत अभ्यासाला द्यायला हवेत. वायरशार्क हे नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारे साधन उघडून आपल्याच लॅपटॉपवरची वाहतूक वाचणे ही त्याची चांगली सुरुवात आहे.

तिसरी अडचण लिहिण्याची. सुरक्षेच्या कामाचा शेवट अहवालात होतो आणि तो वाचणारा माणूस अनेकदा तंत्रज्ञ नसतो. ‘अधिकार तपासणीचा अभाव, तीव्रता उच्च’ असे लिहिण्यापेक्षा ‘कोणताही नोंदणीकृत ग्राहक इतर सर्व ग्राहकांचे पत्ते पाहू शकतो; त्याच्या पायऱ्या अशा; दुरुस्ती अशी; तोवर तात्पुरता उपाय असा’ हे लिहिता आले पाहिजे. हे कौशल्य कोर्समध्ये फारसे शिकवत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

सुरुवात नोकरी न सोडता करावी

सुरक्षेचे काम बहुतेक प्रत्येक डेव्हलपरच्या टीममध्ये पडून असते आणि ते करायला कोणी पुढे येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतला दोष उघड झाला. लॉगमध्ये विशिष्ट स्वरूपाचा मजकूर नोंदवला गेला की ती लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवू शकत होती. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले. त्या आठवड्यात प्रत्येक कंपनीत पहिला प्रश्न हाच होता की ही लायब्ररी आपल्याकडे नेमकी कुठे कुठे आहे. ज्याला मेव्हन या साधनातून डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कोणती लायब्ररी कोणत्या लायब्ररीवर अवलंबून आहे याचा तक्ता, काढून ‘आपण थेट वापरत नाही, पण या तिसऱ्या लायब्ररीच्या पोटातून ती आली आहे’ हे सांगता आले, तो त्या क्षणी सुरक्षेचेच काम करत होता. दुरुस्तीही एका फटक्यात संपली नाही. २.१५.० नंतर त्याच महिन्यात २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा आवृत्त्या येत गेल्या आणि दर वेळी अपग्रेड, चाचणी, रिलीज हे चक्र डेव्हलपरांनाच फिरवावे लागले.

आपल्या टीममधल्या जुन्या लायब्ररींची यादी करणे, कोडमधले दोष शोधणाऱ्या स्कॅनरने दिलेल्या ढीगभर इशाऱ्यांतले खरे कोणते आणि पोकळ कोणते हे कोड वाचून ठरवणे, नव्या फीचरचा आराखडा ठरत असताना ‘याचा गैरवापर कोण आणि कसा करील’ हा प्रश्न बैठकीत मांडून त्याची उत्तरे लिहून ठेवणे, एवढे जरी एखाद्याने वर्षभर सातत्याने केले, तरी त्याच्याकडे दाखवण्यासारखा खरा अनुभव जमा होतो. कंपनीत स्वतंत्र सुरक्षा टीम असेल, तर तिला दुसऱ्या टीमांमध्ये असा एक माणूस हवाच असतो. अंतर्गत बदली हा या क्षेत्रात शिरण्याचा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग आहे आणि तो आधी आजमावावा.

सरावासाठी पैसे मोजावे लागतात असेही नाही. वेब ॲप्लिकेशन तपासण्याचे बर्प सूट हे साधन बनवणाऱ्या पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी ॲकॅडमी मोफत आहे आणि तिच्यातले सराव प्रत्यक्ष हाताने सोडवायचे असतात. ओवास्पचे ज्यूस शॉप हे मुद्दाम दोष ठेवून बनवलेले दुकान आपल्या लॅपटॉपवर चालवता येते. डेव्हलपरने त्यात एक पाऊल पुढे जावे: दोष सापडला की त्याचा मूळ कोड उघडून दुरुस्त करावा आणि तो परत येऊ नये म्हणून चाचणी लिहावी. पुण्या-मुंबईत ‘नल’ या खुल्या गटाच्या विनामूल्य सभा होतात आणि त्याच गटातून सुरू झालेली नलकॉन ही परिषद २०१० पासून गोव्यात भरत आली आहे. अशा ठिकाणी नवख्यांना कोणी परके मानत नाही.

सराव कायद्याच्या चौकटीत कसा राहतो?

या बाबतीत तडजोड नको. आपल्या मालकीच्या नसलेल्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते, आणि तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले असेल तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मी फक्त आकडा बदलून पाहिला’ हा बचाव पुरेसा ठरेल असे गृहीत धरू नये. ज्या कंपन्यांनी हॅकरवन किंवा बगक्राउडसारख्या मंचांवर आपली यंत्रणा तपासण्याची लेखी मुभा दिली आहे, तिथे त्या मुभेच्या मर्यादेतच काम करावे. आपल्याच कंपनीतसुद्धा तोंडी ‘हो’वर अवलंबून न राहता ईमेलवर परवानगी घ्यावी.

प्रमाणपत्रे किती उपयोगी?

प्रमाणपत्राने दार किलकिले होते, एवढे मान्य करायला हवे. विशेषतः जिथे एचआरची पहिली चाळणी शब्द पाहून होते, तिथे त्याचा फायदा होतो. पण कोणते प्रमाणपत्र कशासाठी हे नीट पाहावे. कॉम्प्टियाचे सिक्युरिटी प्लस पाया पक्का करते. ऑफसेकचे ओएससीपी हल्ल्याच्या चाचणीकडे जाणाऱ्यांसाठी आहे. त्याची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची असते, त्यात प्रत्यक्ष मशिनमध्ये शिरावे लागते आणि नंतरच्या २४ तासांत अहवाल लिहून द्यावा लागतो. सीआयएसएसपी या अनुभवी लोकांसाठीच्या प्रमाणपत्राला आठपैकी किमान दोन विषयक्षेत्रांत पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि कॉम्प्युटर किंवा आयटीसारख्या संबंधित विषयातल्या पदवीमुळे त्यातले एक वर्ष माफ होऊ शकते. त्या आठांपैकी एक क्षेत्र सुरक्षित सॉफ्टवेअर विकासाचे आहे, ही गोष्ट बहुतेक डेव्हलपरांच्या लक्षातच येत नाही.

सी-डॅक या सरकारी संस्थेचा डीआयटीआयएसएस हा आयटी यंत्रणा आणि सुरक्षेचा पूर्णवेळ पदविका अभ्यासक्रम नव्या पदवीधरांसाठी चांगला आहे. पण घराचा हप्ता चालू असलेल्या आणि आठ वर्षे काम केलेल्या माणसाने तो करण्यासाठी नोकरी सोडावी, असे मी सुचवणार नाही. लाखभर रुपये घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या खासगी वर्गांबाबत तर अधिकच सावध राहावे. हमीच्या अटी आधी लेखी मागाव्यात.

नोकऱ्या खरोखर आहेत का, आणि पगार घटेल का?

जगात लाखो जागा रिकाम्या आहेत, असे सर्रास लिहिले जाते. आयएससीटू या संस्थेने २०२४ मध्ये जगभरातली तूट सुमारे ४८ लाख असल्याचे म्हटले. मात्र ती कंपन्यांना प्रत्यक्ष किती माणसे हवी आहेत आणि किती आहेत यांतल्या अंतराचा अंदाज आहे. तेवढ्या जागांच्या जाहिराती निघाल्या आहेत आणि त्यांचे पगार मंजूर झाले आहेत, असा त्याचा अर्थ नाही. नवख्यांसाठीच्या जागांवर गर्दी आहे आणि अनुभवी माणसे मिळत नाहीत, ही परिस्थिती एकाच वेळी खरी असू शकते.

भारतातली मागणी वाढण्यामागे कायद्याचा मोठा हात आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार डेटाच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने पाळण्यासाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. ही बंधने कागदावर पुरी करणारे लोक लागतील, तसेच ती कोडमध्ये उतरवणारेही लागतील.

पगाराचे उत्तर तुम्ही कोणत्या दाराने आत येता यावर अवलंबून आहे. आठ वर्षांचा डेव्हलपर सॉकच्या पहिल्या पायरीवर रुजू झाला, तर त्याची आठ वर्षे जवळजवळ पुसली जातात, पगार खाली येतो आणि रात्रपाळी पदरात पडते. तोच ॲपसेकमध्ये किंवा क्लाउड सुरक्षेत गेला, तर त्याची वर्षे मोजली जातात, कारण त्याला डेव्हलपरांशी त्यांच्या भाषेत बोलता येते. पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांनी म्हणूनच अडून बसू नये. इथे वयाबरोबर आलेली यंत्रणांची समज उपयोगी पडते. संसाराची जबाबदारी असलेल्यांनी मात्र शक्यतो अंतर्गत बदलीचाच मार्ग धरावा.

एआय हेही काम घेणार नाही का?

काही भाग घेईल, आणि घेऊ लागले आहे. २०२५ मध्ये एक्सबो ही स्वयंचलित प्रणाली हॅकरवनच्या अमेरिकेतल्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोचली. ठरावीक साच्याचे दोष शोधण्याचे काम यंत्रे करणार हे गृहीत धरूनच या क्षेत्रात यावे. त्याच वर्षी कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पाचे लोक दुसरीच तक्रार करत होते: एआयने लिहिलेले, वाचताना पटणारे आणि प्रत्यक्षात खोटे निघणारे दोष-अहवाल त्यांच्याकडे सतत येत होते आणि ते खोटे ठरवण्यात त्यांचा वेळ जात होता. एकीकडे यंत्राने लिहिलेला कोड वाढतो आहे, दुसरीकडे त्या कोडबद्दलचे यंत्राने लिहिलेले दावे वाढत आहेत. या दोहोंच्या मध्ये कोड स्वतः वाचून ‘हा दावा खरा आहे, हा नाही, आणि दुरुस्ती इथे करायची’ असे जबाबदारीने सांगणारा माणूस लागतो. कोड लिहिण्याचा कंटाळा आला म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याची इथे निराशा होईल, कारण इथे दुसऱ्याचा कोड अधिक वाचावा लागतो.

मुलाखतीला काय घेऊन जावे?

‘ओवास्प टॉप टेनचे ज्ञान’ ही ओळ प्रत्येकाच्या रिझ्युमेवर असते. त्याऐवजी आपल्या टीममध्ये कोणता धोका ओळखला, तो कसा पडताळला, कोणती दुरुस्ती सुचवली आणि ती कोडमध्ये कशी उतरली, हे गुप्तता सांभाळून दोन-तीन ओळींत लिहिलेले असावे. ज्यूस शॉपमधला एखादा दोष, त्याची दुरुस्ती आणि त्याची चाचणी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवलेली असेल तर उत्तम.

ॲपसेकच्या मुलाखतीत बऱ्याचदा तीस-चाळीस ओळींचा कोड समोर ठेवून यात काय चुकले आहे असे विचारतात. घाईने एखाद्या दोषाचे नाव घेणारे उमेदवार पुष्कळ असतात. अशा वेळी आधी विचारावे की हे फंक्शन कोण बोलावते, इथे येणारा मजकूर कुठून आलेला असतो आणि इथवर पोचण्याआधी कोणती तपासणी झालेली असते. या प्रश्नांची उत्तरे मिळाली की दोष कोणता हे सांगावे, त्याच्या वापराची एक पायरी दाखवावी आणि मग त्याच कागदावर दुरुस्त केलेला कोड लिहून द्यावा.